चिटणीस, लीला
चिटणीस, लीला (९ सप्टेंबर १९०९ – १४ जुलै २००३). मराठी रंगभूमीवरील आणि मराठी-हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री, निर्माती, दिग्दर्शिका व आत्मचरित्रकार. साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय चित्रतारका. माहेरचे आडनाव नगरकर. जन्म धारवाडचा, मराठी ब्राह्मण घरातला. वडील इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक असल्याने वाचनाचे वळण त्यांना घरातच लागले. हिंदी चित्रपटांतील सोशीक, डोळ्यांत पाणी घेऊन वावरणारी आई ही त्यांची ओळख पुढे इतकी पक्की झाली, की तिच्याआधीची नायिका, नाट्यसंस्थेची चालिका आणि निर्माती विस्मरणात गेली. त्यांच्या कामाचे मोल ठरवताना हा सारा पूर्वार्ध जमेस धरला पाहिजे.

लीलाबाईंचे लग्न अल्पवयातच डॉ. गजानन यशवंत चिटणीस यांच्याशी झाले. ते वयाने त्यांच्याहून बरेच मोठे आणि सुधारकी मतांचे होते. मार्क्सवादी क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय १९३० च्या अखेरीस गुप्तपणे भारतात परतले आणि जुलै १९३१ मध्ये मुंबईत पकडले गेले. पोलीस मागावर असलेल्या रॉय यांना चिटणीस दांपत्याने आपल्या घरी आसरा दिला होता. त्या काळी हे सरळ तुरुंगाला आमंत्रण होते. पुढे पतिपत्नी विभक्त झाले आणि चार मुलांचा भार लीलाबाईंवर पडला. त्यांनी काही काळ शाळेत शिकवले. मग नाटक आणि नाटकापाठोपाठ चित्रपट आला. चित्रपटात त्या हौसेने आल्या नव्हत्या, घर चालवण्यासाठी आल्या. पुढची अनेक वर्षे मिळेल ती भूमिका त्यांनी का घेतली, याचे कारण यात आहे.

मराठी रंगभूमीवर ते दिवस बदलाचे होते. बालगंधर्वांचे युग ओसरत होते, बोलपटाने नाटकमंडळ्यांचे प्रेक्षक ओढून घेतले होते, आणि स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची रीत मोडीत निघत होती. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने श्री. वि. वर्तक यांचे 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगमंचावर आणले. नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावरून ते रचले होते. त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली. नेपथ्य आणि बोलणे वास्तवाला धरून ठेवले. इब्सेन, शॉ यांच्या वाचनावर पोसलेल्या या मंडळींत शिकलेल्या, इंग्रजी नाटके मुळातून वाचणाऱ्या लीलाबाई सहज सामावल्या. 'उसना नवरा' (१९३४) हे त्यांचे सुरुवातीचे गाजलेले काम. पुढे त्यांनी स्वतःची नाट्यसंस्था काढून आचार्य अत्रे यांचे 'उद्याचा संसार' रंगमंचावर आणले. मोडत्या संसाराची ही कथा त्यांनी निवडली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. बाईने नाटकात काम करणे एक आणि मंडळी चालवणे दुसरे: नटसंच जमवायचा, तालमी घ्यायच्या, दौऱ्याचा खर्च सोसायचा आणि थिएटरचे भाडे भरायचे. हे सगळे त्यांनी तिशी ओलांडण्यापूर्वी केले.

चित्रपटातली सुरुवात मात्र अगदी खालून झाली. गर्दीतली माणसे, लहानसहान भूमिका, मग मारधाडीचे चित्रपट, असा तो क्रम होता. १९३५ च्या सुमारास पडद्यावर आलेल्या लीलाबाई १९३६ मध्ये 'छाया'त प्रमुख भूमिकेत दिसल्या. वि. स. खांडेकर यांची कथा, मास्टर विनायक यांचे दिग्दर्शन आणि कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सची निर्मिती असा तो योग होता. प्रभातच्या 'वहाँ' (१९३७) मध्येही त्यांनी काम केले. 'जंटलमन डाकू' (१९३७) मध्ये त्या पुरुषी पेहरावातल्या सफाईदार लुटारूच्या भूमिकेत दिसल्या. त्या चित्रपटाच्या जाहिरातीत महाराष्ट्रातील प्रतिष्ठित घरातली पहिली पदवीधर चित्रतारका असा त्यांचा गाजावाजा करण्यात आला. दुर्गा खोटे यांनी १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'त तारामती साकारून ही वाट खुली केली होती, तरी चांगल्या घरची बाई सिनेमात जाते म्हणजे काय, हा प्रश्न समाजाने अजून सोडला नव्हता. त्यामुळे पदवी हीच जाहिरातीची वस्तू झाली. पडद्यावर मात्र याच बाईला पँट चढवून दरोडे घालायला लावले होते. पदवीधर बाईचे नेमके काय करायचे, हे त्या काळच्या निर्मात्यांना ठरवता येत नव्हते असे दिसते.

सोहराब मोदी यांच्या 'जेलर' (१९३८) मध्ये त्यांनी नवऱ्याला सोडून प्रियकराबरोबर जाणारी पत्नी रंगवली. प्रेक्षकांची सहानुभूती आपोआप मिळावी अशी ही भूमिका नव्हे, आणि ती स्वीकारण्यात धाडस होते. पुढच्याच वर्षी रणजित या चित्रसंस्थेच्या 'संत तुलसीदास'मध्ये त्या विष्णुपंत पागनीस यांच्यासमोर रत्नावली झाल्या. एका वर्षाच्या अंतराने घर सोडणारी स्त्री आणि संताची पत्नी, अशा दोन टोकांच्या भूमिका लोकांनी त्यांच्याकडून मान्य केल्या. मास्टर विनायक आणि अत्रे यांच्या 'अर्धांगी' (१९४०) या मराठी चित्रपटातही त्या होत्या.

त्यांना देशभर नाव मिळवून दिले ते मालाडच्या बॉम्बे टॉकीजने. हिमांशु रॉय यांनी १९३४ मध्ये उभी केलेली ही संस्था शिस्तीसाठी आणि परदेशी तंत्रज्ञांसाठी प्रसिद्ध होती. देविका राणी आणि अशोक कुमार ही तिची ठरलेली जोडी. १९३९ च्या 'कंगन'मध्ये देविका राणींच्या जागी लीलाबाई आल्या आणि चित्रपट जोरात चालला. दिग्दर्शक होते जर्मन फ्रान्झ ऑस्टेन. पुजाऱ्याने वाढवलेली राधा आणि जमीनदाराचा मुलगा यांच्या प्रेमाची ही साधी गोष्ट. पण राधेच्या वाट्याला आलेला अपमान लीलाबाईंनी आवाज न चढवता दाखवला. कवी प्रदीप यांची गीते प्रथम याच चित्रपटात आली. त्यानंतर ना. र. आचार्य यांचा 'बंधन' (१९४०) आणि ज्ञान मुखर्जी यांचा 'झूला' (१९४१) आला. तिन्ही चित्रपटांत अशोक कुमार नायक, तिन्ही लोकप्रिय. पार्श्वगायनाची पद्धत अजून रुळायची होती, त्यामुळे सरस्वती देवींनी बांधलेली गाणी लीलाबाई स्वतःच्या आवाजात गायल्या. आवाज तयारीचा नव्हता, पण शब्द स्वच्छ आणि अर्थाला धरून येत.

डोळ्यांनी कसे बोलावे हे आपण लीला चिटणीस यांच्याकडून शिकलो, अशी कबुली अशोक कुमार यांनी दिली आहे. ती नुसत्या सौजन्याची मानण्याचे कारण नाही. बोलपटाच्या पहिल्या दशकातले पुष्कळ नट-नट्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याच्या सवयीने कॅमेऱ्यासमोरही मोठ्याने आणि हात करून बोलत. नाट्यमन्वंतरच्या तालमीत घडलेल्या लीलाबाईंना संयत बोलण्याची सवय आधीच होती, आणि कॅमेऱ्याला तेच हवे होते. 'बंधन' आणि 'झूला' आज पाहिले तर भोवतालच्या अभिनयापेक्षा त्यांचे काम कमी जुनाट वाटते. या तीन चित्रपटांतले काम हे त्यांच्या चित्रकारकिर्दीतले सर्वोत्तम काम आहे, असे प्रस्तुत नोंदलेखकाचे मत आहे.

या यशाच्या ऐन भरात, १९४१ मध्ये, लक्स साबणाच्या जाहिरातीत त्यांचे छायाचित्र आले. लक्स भारतात १९२९ पासून विकला जात होता आणि तारकांचा साबण म्हणून त्याची प्रसिद्धी होती. पण त्या तारका सगळ्या हॉलिवूडच्या असत. १९३४ मध्ये लीव्हर कंपनीने मुंबईत शिवडीला साबणाचा कारखाना सुरू केला होता. माल इथे बनू लागल्यावर चेहराही इथला हवा, हा व्यापारी हिशेब उघड होता. लीलाबाईंची निवड मात्र नुसत्या देखणेपणावर झाली नसावी. शिक्षण, घराणे आणि पडद्यावरची सात्त्विक प्रतिमा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. साबण घरात आणायचा की नाही हे ठरवणाऱ्या मध्यमवर्गीय गृहिणीला जवळची वाटेल अशी नटी कंपनीला हवी होती. भद्र घरातल्या स्त्रीने आपला चेहरा विक्रीच्या कामी द्यावा ही कल्पना तोवर रुजलेली नव्हती. मासिकांत छापलेली ही जाहिरात चित्रपटगृह नसलेल्या गावातही पोचू शके. पुढे हिंदीतल्या बहुतेक प्रमुख नायिका लक्सच्या जाहिरातीत दिसल्या. आज नटीने जाहिरात करणे हा व्यवसायाचाच भाग मानला जातो. भारतात त्याची सुरुवात या मराठी अभिनेत्रीपासून झाली.

हिमांशु रॉय मे १९४० मध्ये निवर्तले. बॉम्बे टॉकीजमध्ये दोन तट पडले आणि १९४३ मध्ये निर्माते शशधर मुखर्जी व अशोक कुमार बाहेर पडून त्यांनी फिल्मिस्तान काढले. ही फूट लीलाबाईंना बाधली. बॉम्बे टॉकीजचा 'चार आँखें' (१९४४) हा त्यांचा त्या संस्थेतला पुढचा चित्रपट. पण 'कंगन'चे दिवस परतले नाहीत. दरम्यान 'किसी से ना कहना' (१९४२) हा चित्रपट त्यांनी स्वतः निर्माण केला होता. आता त्या पस्तिशीला आल्या होत्या, आणि त्या वयाच्या नटीला हिंदी चित्रपटाने दुसरे दार दाखवले.

ते दार १९४८ च्या 'शहीद'मध्ये उघडले. रमेश सैगल यांच्या या चित्रपटात त्या दिलीप कुमार यांच्या आई झाल्या. दिलीप कुमार त्यांच्याहून केवळ तेरा वर्षांनी लहान होते. 'आवारा' (१९५१) मध्ये राज कपूर मुलगा. तो पंधरा वर्षांनी लहान. खरे तर त्या अशोक कुमारपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या होत्या, पण अशोक कुमार पुढची अनेक वर्षे नायक राहिले. 'आवारा'तली भूमिका यांतली सर्वांत भरीव. पळवून नेली गेली म्हणून संशयावरून नवऱ्याने घराबाहेर काढलेली न्यायाधीशाची गरोदर पत्नी आणि नंतर झोपडपट्टीत मुलाला वाढवणारी आई, अशी दोन वयांची माणसे त्यांना उभी करायची होती. संपूर्ण कथा ज्या अन्यायावर उभी आहे तो अन्याय त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. संवाद फार थोडे आहेत.

पुढची दीड-दोन दशके आईच्या भूमिकांची रांगच लागली. 'नया दौर' (१९५७), 'काला बाजार' (१९६०), 'हम दोनो' (१९६१), 'गंगा जमुना' (१९६१) हे त्यांतले मोठे चित्रपट. 'गंगा जमुना'तल्या गोविंदीवर चोरीचा खोटा आळ येतो आणि त्या धक्क्याने ती जाते. चित्रपटाच्या सुरुवातीलाच संपणारी ही भूमिका शेवटपर्यंत मनात राहते. मात्र याच काळात साचाही तयार झाला. पांढरी साडी, खोकला, शिवणयंत्र आणि मुलाच्या वाटेकडे लागलेले डोळे एवढ्यावर पटकथाकार भागवू लागले आणि लीलाबाईंकडे तेच ते मागू लागले. नंतरच्या अनेक अभिनेत्रींनी हा साचा जसाच्या तसा उचलला. त्याचे खापर त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. विजय आनंद यांच्या 'गाइड' (१९६५) मध्ये त्यांना थोडी वेगळी आई मिळाली: मुलावर जीव असूनही त्याने विवाहित नर्तकी रोझीला घरात ठेवल्यावर घर सोडून जाणारी. तिथे त्यांच्या स्वरात राग आहे, हट्ट आहे, आणि संधी मिळाली की काय करता येत होते हेही दिसते.

त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९५५ मध्ये त्यांनी 'आज की बात' हा चित्रपट दिग्दर्शित केला. स्त्री-दिग्दर्शक हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याही नव्हत्या, अशा काळातली ही गोष्ट आहे. रंगभूमीसाठी त्यांनी सॉमरसेट मॉम यांच्या 'द सेक्रेड फ्लेम' या नाटकाचे 'एक रात्र अर्धा दिवस' असे मराठी रूपांतर केले. या निवडीकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. मॉमच्या नाटकाच्या केंद्रस्थानी आईच आहे, पण ती रडून प्रारब्धाला शरण जाणारी नाही. अपघाताने पंगू झालेल्या मुलाचा मृत्यू संशयास्पद ठरतो, आळ सुनेवर येतो, आणि अखेरीस आई सांगते की त्याचे पुढचे दुःख टाळण्यासाठी आपणच ते केले. चूक की बरोबर याचा निवाडा नाटक सोपा करत नाही. पडद्यावर वर्षानुवर्षे असहाय आई रंगवणाऱ्या अभिनेत्रीने स्वतः नाटक निवडले तेव्हा निर्णय घेणारी, त्याची जबाबदारी स्वीकारणारी आई निवडली. चित्रपटांनी त्यांना काय दिले नाही, हे या एका निवडीतून कळते.

'चंदेरी दुनियेत' हे त्यांचे आत्मचरित्र १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रपटसृष्टीतल्या मराठी स्त्रियांच्या आत्मकथनांत त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. दुर्गा खोटे, हंसा वाडकर आणि लीला चिटणीस या तिघींची आत्मकथने शेजारी ठेवून वाचली, तर बोलपटाच्या पहिल्या दोन दशकांत पडद्यावरच्या बाईला काय मिळाले आणि तिने काय मोजले याचे चित्र पुरे होते. ऐंशीच्या दशकापर्यंत त्या अधूनमधून पडद्यावर दिसत राहिल्या; नंतर मुलांकडे अमेरिकेला गेल्या. कनेटिकट राज्यातील डॅनबरी येथील शुश्रूषागृहात वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

लीलाबाईंच्या अभिनयाचा विचार करू पाहणाऱ्याने आरंभ 'आवारा'पासून न करता 'कंगन' आणि 'झूला'पासून करावा, आणि त्याच्या जोडीला 'चंदेरी दुनियेत' वाचावे. नाटक, चित्रपट आणि लेखन या तिन्ही अंगांनी त्यांचा अभ्यास करणारा स्वतंत्र मराठी ग्रंथ ही आजची गरज आहे.