नलारबोर मैदानातील सायकल प्रवास

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या चुनखडीच्या निर्जल मैदानातून आयर महामार्गाने केला जाणारा दीर्घ पल्ल्याचा प्रवास. महामार्ग पश्चिमेकडील नॉर्समन या खाणगावापासून पोर्ट ऑगस्टापर्यंत सु. १,६६० किमी. जातो, मात्र सायकलस्वार ‘नलारबोर ओलांडले’ असे म्हणतात तेव्हा बहुधा नॉर्समन ते सेडूना हा सु. १,२०० किमी.चा टप्पा अभिप्रेत असतो. सामान सोबत घेऊन मध्यम वेगाने जाणाऱ्याला त्यासाठी दहा ते चौदा दिवस लागतात. या टप्प्यात शहर एकही नाही. पासष्ट ते दोनशे किमी. अंतरावर एकेक रोडहाउस, म्हणजे पेट्रोलपंप, खानावळ आणि निवासाच्या खोल्या एकत्र असलेला थांबा, एवढीच वस्ती. चढ थोडे, रस्ता डांबरी आणि चुकण्याची सोय नाही. त्यामुळे निव्वळ सायकल चालवण्याचे कौशल्य येथे फारसे पणाला लागत नाही. पुढचा थांबा किती दूर, वारा कुठून आणि पाणी किती, या तीन गोष्टींचा हिशोब ज्याला जमतो त्याचा प्रवास पार पडतो.

मैदानाचे क्षेत्रफळ सु. २,००,००० चौ. किमी. असून ते पश्चिम ऑस्ट्रेलिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत पसरले आहे. एके काळी हा समुद्राचा तळ होता. पाऊस किनाऱ्यालगत वर्षाला २५० मिमी.च्या आसपास, आतल्या भागात त्याहून कमी. पडलेले पाणीही वर टिकत नाही. चुनखडीच्या भेगांतून ते खाली झिरपते. म्हणून एवढ्या विस्तृत प्रदेशात नदी नाही आणि ओढाही नाही. जमिनीखाली मात्र गुहांचे जाळे आहे. कॉकलबिडी या थांब्याजवळची गुहा सहा किमी.हून लांब असून तिचा बराच भाग पाण्याने भरलेला आहे. गुहांची काही तोंडे पृष्ठभागावर उघडतात आणि वातावरणाचा दाब बदलला की त्यांतून हवा जोराने आत-बाहेर करते. कायगुना या थांब्याच्या पश्चिमेस असे एक विवर रस्त्यालगतच आहे आणि उन्हातून आलेले प्रवासी त्याच्या तोंडाशी गार हवा खात बसतात.

हे मैदान वृक्षहीन म्हणून प्रसिद्ध असले, तरी महामार्ग त्याच्या दक्षिण कडेने जातो आणि खऱ्या अर्थाने उघडा-बोडका भाग त्यावर थोडाच लागतो. तोही मुख्यतः नलारबोर रोडहाउसच्या आसपास. नॉर्समनच्या बाजूला तर निलगिरीच्या जातीच्या झाडांचे मोठे जंगल आहे. मनात वाळूच्या टेकड्या धरून आलेल्यांचा पहिले दोन दिवस विरस होतो.

या वाटेचा इतिहास हा पाण्याच्या ठिकाणांचा इतिहास आहे. किनाऱ्यावरील मर्निंग या मूळ रहिवाशांना वाळूखालचे गोड्या पाण्याचे झरे ठाऊक होते. १८४१ मध्ये एडवर्ड जॉन आयर हा इंग्रज संशोधक पूर्वेकडून पश्चिमेकडे निघाला, तेव्हा स्थानिकांनी दाखवलेल्या अशाच झऱ्यांमुळे त्याचा जीव वाचला. वाटेत त्याचा मुकादम जॉन बॅक्स्टर मारला गेला. आयर आणि अल्बनीकडचा वायली हा मूळ रहिवासी तरुण, दोघेच शेवटी अल्बनीला पोहोचले. नकाशावर महामार्गाला नाव आयरचे मिळाले. वायली बहुतेकांच्या आठवणीतून गळाला. १८७७ मध्ये पर्थ आणि ॲडलेड यांना जोडणारी तारायंत्राची लाइन पूर्ण झाली, आणि खांबांच्या रांगेच्या रूपाने प्रवाशांना न चुकणारी खूण मिळाली.

सायकल आली ती सोन्याच्या पाठोपाठ. १८९० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातील कूलगार्डी परिसरात सोने सापडले आणि तेथे रेल्वे पोहोचण्यापूर्वी निरोप व पत्रे नेण्याचे काम सायकलस्वारांनी उचलले. कारण साधे होते : घोड्याला चारापाणी लागे, उंटाला निदान चारा तरी लागे, सायकलला काहीच लागत नसे. (अवजड माल मात्र उंटांवरच जाई आणि ते उंट व त्यांना हाकणारे पुष्कळदा कराचीच्या बंदरातून, म्हणजे तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेले असत.) याच कूलगार्डीहून आर्थर रिचर्डसन २४ नोव्हेंबर १८९६ रोजी निघाला आणि तारेच्या खांबांचा माग धरत ३१ दिवसांत ॲडलेडला पोहोचला. सोबत थोडे सामान आणि पाण्याची पिशवी. नलारबोर सायकलने ओलांडणारा तो पहिला मानला जातो. नोव्हेंबर-डिसेंबर हा तेथला उन्हाळा. आजचा जाणकार त्या दिवसांत निघण्याचा सल्ला कोणालाही देणार नाही. १८९९ च्या जूनमध्ये रिचर्डसन पर्थहून उत्तरेकडे निघाला आणि संपूर्ण ऑस्ट्रेलियाला फेरी घालून ४ फेब्रुवारी १९०० रोजी परतला. याच सुमारास व्हाइट बंधू आणि डॉनल्ड मकाय हे उलट दिशेने फेरी घालत होते. पहिल्या फेरीचा मान रिचर्डसनला मिळाला.

१९१७ मध्ये आंतरखंडीय रेल्वे पूर्ण झाली. तिचा ४७८ किमी.चा सलग सरळ लोहमार्ग जगातील सर्वांत लांब समजला जातो. मात्र रेल्वे महामार्गापासून बरीच उत्तरेला असल्याने किनाऱ्यालगतची वाट तशीच उपेक्षित राहिली. १९३७ मध्ये ह्यूबर्ट ऑपरमन या नामवंत शर्यतपटूने फ्रीमँटल ते सिडनी हे अंतर १३ दिवस १० तास ११ मिनिटांत कापले, तेव्हा नलारबोरमधून जाणारी वाट कच्ची होती. ऑपरमन पुढे देशाचा केंद्रीय मंत्री झाला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी निकडीमुळे १९४१-४२ मध्ये महामार्ग आखला गेला. डांबरीकरण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत १९६९ मध्ये आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत १९७६ मध्ये पूर्ण झाले. सर्वसामान्य हौशी सायकलस्वाराला हा प्रवास आवाक्यातला वाटू लागला तो त्यानंतरच.

पश्चिमेकडून निघाल्यास नॉर्समननंतरचा पहिला थांबा बॅलडोनिया, सु. १९० किमी.वर. १९७९ मध्ये अमेरिकेची स्कायलॅब ही अवकाश प्रयोगशाळा कोसळली तेव्हा तिचे अवशेष या भागात विखुरले होते. रोडहाउसमधील छोट्या संग्रहालयात त्याची माहिती आहे. पुढे कायगुनापर्यंत सु. १८२ किमी. पाणी नाही, आणि यातच १४६.६ किमी.चा एकही वळण नसलेला प्रसिद्ध पट्टा येतो. मोटारीतला माणूस तो दीड तासात संपवतो. सायकलस्वाराला त्यावर बहुधा एक मुक्काम करावा लागतो. दिवसभर दृश्य न बदलणे हा अनुभव कोणाला जड जातो आणि कोणाला नेमका हवा असतो. रस्त्यावर एके ठिकाणी रंगवलेले जाड पट्टे दिसतात. ती ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’च्या विमानाची धावपट्टी : आणीबाणीत वाहतूक थांबवून वैद्यकीय विमान महामार्गावरच उतरवतात.

कायगुना ते कॉकलबिडी ६५ किमी., तेथून मदुरा ९२ किमी. मदुरा घाटात रस्ता पठारावरून एकदम किनारी सपाटीवर उतरतो. सबंध प्रवासातला हा मोठा उतार, आणि उलट दिशेने येणाऱ्याला तेवढाच मोठा चढ. मदुरा येथे १८७६ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या घोडदळासाठी घोड्यांची पैदास होत असे. पुढे मंड्रबिला (११६ किमी.) आणि युक्ला (६६ किमी.). युक्लाचे जुने तारघर किनाऱ्यावरील वाळूत अर्धे गाडले गेले आहे. सशांनी झुडपे खाऊन टाकली, वाळू मोकळी झाली आणि टेकड्या सरकत सरकत वस्तीवर आल्या.

राज्याची सीमा ओलांडली की पुढचे नलारबोर रोडहाउस सु. १८५ किमी.वर. हा टप्पा कष्टाचा खरा, पण दक्षिणेला थोड्याच अंतरावर बुंडा कडे आहेत : जमीन जणू सुरीने कापावी तशी संपते आणि साठ ते शंभराहून अधिक मीटर खाली समुद्र दिसतो. जून ते ऑक्टोबर या काळात ‘हेड ऑफ बाइट’ येथे देवमाशांच्या माद्या पिलांसह किनाऱ्याजवळ येतात. त्यानंतर यालाटा या मूळ रहिवाशांच्या मालकीच्या भूमीतून रस्ता जातो. ऊल्डिया येथील मिशन १९५२ मध्ये बंद पडल्यावर तेथील लोकांना यालाटाला हलवले गेले आणि उत्तरेकडे मॅरलिंगा येथे १९५६ ते १९६३ या काळात झालेल्या ब्रिटिश अणुचाचण्यांनी त्यांचा मूळ प्रदेश त्यांच्यापासून तोडला. नकाशावर कोरा दिसणारा हा प्रदेश माणसांवाचून रिकामा कधीच नव्हता. नंड्रू, पनॉंग आणि सेडूना हे उरलेले तीन थांबे जवळजवळ आहेत; पनॉंगच्या आधीच गव्हाची शेते सुरू होतात.

पाण्याचा हिशोब असा. १८० किमी.चा टप्पा अनुकूल वाऱ्यात एका लांब दिवसात होतो. प्रतिकूल वाऱ्यात वेग ताशी बारा-पंधरा किमी.वर येतो आणि दोन दिवस लागतात. पिण्यासाठी दिवसाला पाच-सहा लिटर, शिवाय स्वयंपाकाचे. म्हणजे दहा-बारा लिटर पाणी, तितकेच किलो वजन, कॅरिअरवर लादावे लागते. काही विश्रांतिस्थळांवर पावसाच्या पाण्याच्या टाक्या आहेत. त्या भरलेल्या असतील यावर विसंबून निघणे शहाणपणाचे नाही. रोडहाउसमध्येही गोडे पाणी मोलाचे असते. मागायला संकोच न करणे आणि मिळेल तेथे पैसे देऊन बाटल्या घेणे उत्तम. कॅरॅव्हॅन घेऊन देश पाहत फिरणारी निवृत्त जोडपी या रस्त्यावर पुष्कळ भेटतात आणि पाणी देण्यात हात आखडता घेत नाहीत.

वाऱ्याबाबत नवख्याची समजूत अशी की तो नेहमी पश्चिमेकडून वाहतो, म्हणून पर्थहून निघावे. हे हिवाळ्यात बहुतांशी खरे आहे. उन्हाळ्यात मात्र आग्नेय आणि दक्षिणेकडील वारे जोर धरतात आणि पश्चिमेकडून येणाऱ्याचे हाल होतात. हवेचा अवरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० किमी. वेगाने जाणाऱ्यासमोर तितक्याच वेगाचा वारा आला, तर अवरोध चौपट होतो. तोच वारा पाठीशी असला, तर जवळजवळ नाहीसा होतो. आडोशाला डोंगर वा घर नसलेल्या मैदानात या गणिताला पळवाट नाही. वारा पडलेला असतो तो पहाटे, म्हणून अनुभवी लोक अंधारातच तंबू आवरतात.

ऋतूंपैकी वसंत आणि शरद सोयीचे. डिसेंबर २०१९ मध्ये नलारबोर येथे ४९.९° से. तापमान नोंदले गेले, तर हिवाळ्यातील रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. माश्यांचा त्रास मात्र थंडी वगळता कायमचा. त्या चावत नाहीत. ओलाव्यासाठी डोळे, नाक, ओठ यांवर बसतात, आणि थांबले की घोळका वाढतो. टोपीवरून घ्यायची जाळी हे यावरचे स्वस्त औषध. रस्ता सोडून तंबूकडे सायकल ढकलत नेताना सराट्याच्या जातीचे काटे टायरमध्ये घुसतात, तेव्हा जादा ट्यूब आणि पंक्चरचे सामान हवेच. आरे तुटले तर दुरुस्तीचे दुकान शेकडो किमी.वर. चुनखडीच्या थरात तंबूच्या खुंट्या सहजी रुतत नाहीत, दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात.

आजचा मोठा धोका तहान हा नसून वाहतूक हा आहे. एका इंजिनामागे दोन-दोन, तीन-तीन डबे जोडलेले मालवाहू ट्रक, ज्यांना तेथे रोड ट्रेन म्हणतात, रात्रंदिवस धावतात. रस्त्याच्या कडेची डांबरी पट्टी बऱ्याच ठिकाणी अरुंद आहे. असा ट्रक मागून येत असताना समोरून दुसरा दिसला, तर सायकल खाली खडीत उतरवणे हाच नियम समजावा. हक्काचा प्रश्न तेथे काढण्यात अर्थ नाही. ट्रक गेल्यावर आधी ढकलणारा आणि मग ओढणारा हवेचा झोत येतो. हँडलचा आरसा येथे शोभेची वस्तू राहत नाही. भडक रंगाचे जाकीट आणि मागचा दिवा दिवसाही लावतात. हेल्मेटची तर देशभर सक्तीच आहे.

हौशी प्रवाशांबरोबर विक्रमासाठी धावणारेही या वाटेने जातात. फ्रीमँटल ते सिडनी ही सु. ५,५०० किमी.ची बिनमदतीची शर्यत २०१७ मध्ये घेण्यात आली. त्यात आघाडीच्या स्पर्धकांपैकी माइक हॉल हा ब्रिटिश सायकलपटू कॅनबेराजवळ मोटारीच्या धडकेत मरण पावला आणि शर्यत थांबवण्यात आली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी जुलै २०१८ मध्ये पर्थहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली तेव्हा ब्रिस्बेनच्या वाटेवर पहिलीच मोठी परीक्षा या मैदानाची होती. सु. २९,००० किमी.ची ती फेरी तिने विसाव्या वर्षी १५९ दिवसांत केली.

काही किरकोळ पण अडचणीत आणणाऱ्या बाबी. कायगुनाच्या पूर्वेपासून सीमेपर्यंतच्या चिमुकल्या वस्त्या स्वतःची वेगळी वेळ पाळतात; ती पर्थच्या पाऊण तास पुढे असते, तेव्हा रोडहाउसचे स्वयंपाकघर केव्हा बंद होते हे विचारून घ्यावे. सेडूना ते कॅल्गूर्ली असा अठरा खड्ड्यांचा गोल्फचा मार्ग २००९ पासून याच रस्त्यावर विखुरलेला आहे, त्यामुळे ओसाड रानात चेंडू शोधणारी माणसे दिसल्यास उन्हाचा परिणाम समजू नये. फळे आणि भाज्या एका राज्यातून दुसऱ्यात नेण्यास बंदी आहे. पश्चिमेकडे जाणाऱ्यांची झडती सीमेवर होते, पूर्वेकडे जाणाऱ्यांची सेडूनाला. तेथे जवळची सफरचंदे-कांदे एकतर काढून द्यावे लागतात किंवा नाक्याअलीकडे उभ्या उभ्या खाऊन संपवावे लागतात.