कर्ज, भिंत आणि साक्षीदार

नागपूर मेट्रोसाठी २०१६ साली ५० कोटी युरोंचे कर्ज देण्याचा करार करणारी जर्मन बँक महाराष्ट्राला नावाने परिचित आहे : केएफडब्ल्यू. तीच बँक जर्मनीतील एखाद्या खेड्यातल्या शिक्षिकेला घराच्या खिडक्या बदलायला आणि भिंतींना उष्णतारोधक थर द्यायला स्वस्त कर्ज देते, आणि त्यासाठी तिला एक विचित्र वाटणारी अट घालते. घराच्या कागदपत्रांबरोबर एका मान्यताप्राप्त ऊर्जा सल्लागाराचे प्रमाणपत्र हवे. ते नसेल तर अर्जच पुढे सरकत नाही.

मेट्रो आणि खिडकी एकाच दारात कशी आली? आणि कर्जदार व बँक यांच्यामध्ये हा तिसरा माणूस कुठून उगवला? हा धागा त्याविषयी.

बँकेचे पूर्ण नाव 'क्रेडिटआन्श्टाल्ट फ्युअर वीडरआउफबाउ'. शब्दशः मराठी करायचे तर 'पुनर्बांधणीसाठी पतसंस्था'. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी, म्हणजे पश्चिम जर्मनी हे राष्ट्र अस्तित्वात येण्याच्याही आधी, ब्रिटिश-अमेरिकी ताब्यातील प्रदेशाच्या आर्थिक परिषदेने तिचा कायदा केला. त्याच वर्षी २० जूनला जुने मार्क रद्द होऊन नवा डॉइच मार्क चलनात आला होता. पश्चिम जर्मनीतील घरांचा सुमारे पाचवा हिस्सा बाँबहल्ल्यांत नष्ट झालेला. त्यात पूर्वेकडून हाकलले गेलेले लाखो लोक आसरा शोधत होते.

मार्शल योजनेबद्दल एक समज रूढ आहे : अमेरिकेने डॉलर दिले, जर्मनांनी ते खर्चले. प्रत्यक्ष यंत्रणा अधिक चतुर होती. अमेरिकेकडून मुख्यतः वस्तू येत. धान्य, कापूस, इंधन, कच्चा माल. जर्मन गिरणीमालक आलेल्या कापसाची किंमत मार्कांत भरी. हे मार्क अमेरिकेला न जाता देशातच एका वेगळ्या खात्यात साठत. या साठ्याला 'प्रतिमूल्य निधी' म्हणत. त्यातून केएफडब्ल्यूने कोळसाखाणी, वीजकेंद्रे आणि खाणकामगारांच्या वसाहती यांना दीर्घ मुदतीची कर्जे दिली. कोळसा नाही तर वीज नाही, आणि खाणकामगाराला घर नाही तर कोळसा नाही, असे हे साधे गणित होते. घरबांधणी हा या बँकेचा आरंभापासूनचा विषय आहे, तो असा.

२७ फेब्रुवारी १९५३ च्या लंडन कर्ज करारात अमेरिकेने युद्धोत्तर मदतीच्या सुमारे ३.२ अब्ज डॉलरपैकी केवळ १ अब्ज परत मागितले. (करारावर सही करणाऱ्या धनकोंमध्ये ग्रीसही होता, २०१० नंतरच्या युरो संकटात ग्रीक लोकांनी याची आठवण वारंवार करून दिली, आणि ती अस्थानी म्हणता येणार नाही.) त्याच वर्षी प्रतिमूल्य निधीला कायद्याने कायमस्वरूपी रूप मिळाले. कर्ज द्यायचे, ते वसूल करायचे, पुन्हा द्यायचे. बिया खाऊन न टाकता दरवर्षी पेरायच्या, तसे.

मात्र एक गल्लत टाळली पाहिजे. आज घरदुरुस्तीसाठी मिळणारा पैसा मार्शलचा नव्हे. केएफडब्ल्यू भांडवल बाजारातून रोखे विकून पैसा उभारते. तिची मालकी ८० टक्के केंद्राकडे आणि २० टक्के राज्यांकडे असल्याने तिला तो स्वस्तात मिळतो. कर्जावरची सवलत केंद्रीय अर्थसंकल्पातून येते. वारसा टिकला आहे तो पद्धतीचा. या पद्धतीचा एक भाग असा, की केएफडब्ल्यू सामान्य माणसासाठी शाखा उघडत नाही. कर्जदार आपल्या नेहमीच्या बँकेत जातो आणि ती बँक पैसा पुढे पोहोचवते.

पन्नास आणि साठच्या दशकांत जर्मनीने झपाट्याने घरे बांधली. १९५० च्या पहिल्या गृहबांधणी कायद्याने सहा वर्षांत १८ लाख सामाजिक घरांचे उद्दिष्ट ठेवले होते. डोक्यावर छप्पर हवे, भिंत किती जाड याची चिकित्सा करायला सवड कोणाला होती? तेल स्वस्त होते. हिवाळ्यात घर तापवायचे आणि भिंतीतून उष्णता बाहेर जाऊ द्यायची, हे परवडत असे.

१९७३ च्या ऑक्टोबरात ते परवडेनासे झाले. अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि पश्चिम जर्मन सरकारने २५ नोव्हेंबर ते १६ डिसेंबरपर्यंतचे चार रविवार मोटारींना बंदी घातली. रिकाम्या महामार्गांवर फिरणाऱ्या सायकलस्वारांची छायाचित्रे इतिहासाच्या पुस्तकांत नेहमी दिसतात. पण त्या संकटाचा अधिक टिकाऊ परिणाम रस्त्यांवर नव्हे, भिंतींवर झाला. १९७६ मध्ये ऊर्जाबचत कायदा आला आणि १ नोव्हेंबर १९७७ पासून उष्णतारोधनाचा पहिला देशव्यापी नियम लागू झाला. नव्या घराच्या भिंतीतून किती उष्णता निसटू शकते, याची मर्यादा प्रथमच कायद्याने ठरली.

नियम नव्या घरांना होता. जुनी कोट्यवधी घरे तशीच उभी होती. त्यांच्या मालकांवर सक्ती करणे अवघड, म्हणून आमिष आले. १९७८ मध्ये केंद्र व राज्यांनी मिळून घरांच्या आधुनिकीकरणासाठी व ऊर्जाबचतीसाठी ४.३५ अब्ज मार्कांचा कार्यक्रम आखला. ग्राहक केंद्रांनी नागरिकांना ऊर्जेविषयी सल्ला देण्यास आरंभ केला तोही १९७८ मध्येच. पैसा आणि सल्ला एकाच वर्षी आले, पण वेगवेगळ्या दारांतून.

सल्ल्याची गरज का भासली, हे समजण्यासाठी बुरशी समजून घ्यावी लागते. जुन्या घराची एकेरी काच ही खोलीतली सर्वांत थंड जागा. स्वयंपाकाची, आंघोळीची, श्वासांची वाफ त्या काचेवर जमून ओघळते, आणि खिडकीच्या फटींतून वारा आत येऊन घर कोरडे ठेवतो. मालकाने हौसेने नवी घट्ट, दुहेरी काचेची खिडकी बसवली की काच उबदार होते, फटी बुजतात आणि भिंतीचा कोपरा खोलीतला सर्वांत थंड भाग बनतो. वाफ आता तिथे बसते. दोन हिवाळ्यांत कपाटामागे काळे डाग. खर्च झाला, तेल थोडे वाचले आणि घर आजारी पडले. खिडकी विकणारा खिडकीचेच गुण सांगणार, बॉयलर विकणारा बॉयलरचे. संपूर्ण घराकडे पाहणारा, ज्याला काहीही विकायचे नाही असा माणूस कोणीच नव्हता.

१९९० च्या एकीकरणाने हा प्रश्न एका झटक्यात प्रचंड केला. पूर्व जर्मनीतील तयार काँक्रीटच्या फलकांच्या इमारती आणि युद्धपूर्व चाळवजा वाडे दशकानुदशके दुरुस्तीविना उभे होते. केएफडब्ल्यूच्या आधुनिकीकरण कार्यक्रमातून २००० पर्यंत तिथल्या सुमारे ३६ लाख घरांना कर्ज मिळाले. म्हणजे पूर्वेकडील जवळजवळ निम्मी घरे. आज ड्रेस्डेन वा लाइप्झिगला जाणाऱ्या पर्यटकाला जे रंगीत दर्शनी भाग दिसतात, त्यांतले अनेक या कर्जांचे देणे आहेत.

२००१ मध्ये कार्बन उत्सर्जन घटवण्याच्या नावानेच इमारतींचा स्वतंत्र कर्ज कार्यक्रम सुरू झाला. पुढे २००९ च्या सुमारास कर्जाची अट कामाच्या यादीवरून परिणामावर सरकली. 'एफिझिएन्सहाउस' म्हणजे कार्यक्षम घर, आणि त्यापुढे एक आकडा. ८५ म्हणजे त्याच आकाराच्या आदर्श घराला लागणाऱ्या प्राथमिक ऊर्जेच्या ८५ टक्के. ५५ म्हणजे ५५ टक्के. आकडा जितका लहान, तितकी सवलत मोठी.

साक्षीदाराची गरज नेमकी इथे निर्माण झाली. खिडकी बसली की नाही हे बिल पाहून कळते. घर '७०' झाले की नाही हे कोणत्याही बँक अधिकाऱ्याला डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून प्रशिक्षित वास्तुविशारद, अभियंते आणि कारागीर यांची सार्वजनिक यादी २०११ पासून तयार झाली आणि कर्ज त्या यादीतील व्यक्तीच्या सहीशी बांधले गेले. सही दोनदा होते. कामाआधी तो घर पाहून, हिशेब मांडून सांगतो की आखलेल्या कामाने अमुक पायरी गाठली जाईल. काम संपल्यावर तो पुन्हा सही करतो की ती गाठली गेली. दुसऱ्या सहीनंतरच मुद्दलाचा काही भाग माफ होतो. २०२० च्या दशकाच्या मध्यास ही माफी, घर किती सुधारले त्यानुसार, ५ ते ४५ टक्के आणि कर्जाची मर्यादा एका घरामागे १,५०,००० युरोंपर्यंत होती. सल्लागाराच्या शुल्काचा निम्मा भागही, ठरावीक मर्यादेत, सरकार उचलते.

महाराष्ट्राला सरकारी सुधारणा-कर्ज नवे नाही. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याखाली विहिरींसाठी तगाई मिळे. तिथे तपासणारा माणूस सरकारचा होता आणि शेतकऱ्याला त्याची निवड करता येत नसे. जर्मन साक्षीदार कर्जदार स्वतः निवडतो, त्याचे शुल्क स्वतः भरतो, आणि तरीही त्याने सरकारला खरे सांगावे अशी अपेक्षा असते. ही रचना कागदावर वाटते तितकी सहज नाही.

आणि साक्षीदार प्रामाणिक असला तरी सरकार शब्द पाळेलच असे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर झाले की '५५' पायरीच्या नव्या घरांचे साहाय्य जानेवारीअखेर संपेल. अर्थातच अर्जांची झुंबड उडाली. निधी आटला आणि २४ जानेवारी २०२२ रोजी, मुदतीच्या आठवडाभर आधी, अर्ज स्वीकारणे अचानक थांबवण्यात आले. गोंधळ नव्या घरांचा, पण थांबले जुन्या घरांचे नूतनीकरणही. सल्लागाराला पैसे देऊन, हिशेब तयार करून बसलेली कुटुंबे अधांतरी राहिली. टीकेनंतर १ फेब्रुवारीला सरकारने आधी आलेले अर्ज जुन्या अटींवर तपासण्याचे मान्य केले. दुरुस्तीची कर्जे २२ फेब्रुवारीला पुन्हा सुरू झाली.

या सगळ्या व्यवस्थेत एक पक्ष सहीच करत नाही : भाडेकरू. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहतात. घरमालकाने ऊर्जाबचतीचे काम केले की खर्चाचा काही भाग तो वार्षिक भाड्यात कायमचा चढवू शकतो. २०१८ अखेरपर्यंत ११ टक्के, त्यानंतर ८ टक्के. मिळालेले सरकारी अनुदान त्यातून वजा करणे बंधनकारक आहे. गॅसचे बिल कमी होते, भाडे वाढते. दोहोंची बेरीज कोणत्या बाजूला झुकते, हा बर्लिनसारख्या शहरांत निदर्शनांचा आणि खटल्यांचा विषय होऊन बसला आहे. ऊर्जा सल्लागाराच्या प्रमाणपत्रात भिंत, छप्पर, खिडकी, बॉयलर यांसाठी रकाने आहेत. आत राहणाऱ्याचे नवे भाडे किती, यासाठी रकाना नाही.