दूरच्या शिकवणीतला शिक्षकाचा वाटा

समोर नसलेल्या विद्यार्थ्याला शिकवून पैसे मिळवण्याचा व्यवसाय जवळपास तीनशे वर्षांचा आहे. २० मार्च १७२८ च्या ‘बॉस्टन गॅझेट’मध्ये केलेब फिलिप्स या लघुलेखन शिक्षकाची जाहिरात छापून आली. आसपासच्या गावांतल्या लोकांना दर आठवड्याला धडे पाठवले जातील आणि बॉस्टनमध्ये राहणाऱ्यांइतकेच चांगले शिक्षण त्यांना मिळेल, अशी हमी तीत होती. टपालाने धडे देणारी ही पहिली ज्ञात जाहिरात मानली जाते. विद्यार्थ्याने केलेले काम परत मागवून तपासण्याचा उल्लेख मात्र तीत नाही, आणि शिकवणीचा खरा कस तिथेच लागतो.

ती उणीव इंग्लंडात आयझॅक पिटमन यांनी भरून काढली. उच्चारांवर आधारलेली त्यांची लघुलिपी १८३७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्या काळी पत्राचे हशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे, आणि बहुतेक वेळा ते पत्र घेणाऱ्यालाच भरावे लागे. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशभर एक पेनी असा सरसकट दर लागू झाला. बाथ शहरात राहणाऱ्या पिटमन यांनी त्याच वर्षी आपली लिपी एका पानावर मावेल अशी छापून घेतली. शिकणाऱ्याने बायबलमधला उतारा लघुलिपीत उतरवून टपालाने पाठवायचा, आणि चुका दुरुस्त झालेला कागद परतीच्या टपालाने त्याच्या हाती पडायचा. मागणी वाढली तसे १८४३ मध्ये या कामासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्याचे सभासद उतारे फुकट तपासून देत. पिटमन यांची मिळकत होती ती पुस्तकांच्या विक्रीवर. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत पसरलेल्या टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासांनी पुढे महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना स्टेनोच्या नोकरीपर्यंत पोचवले, ते बव्हंशी याच लिपीच्या जोरावर.

या व्यवसायाचे गणित पिटमन यांच्या कामातच स्पष्ट झाले होते. धडा एकदा तयार झाला की हजारोंना विकता येतो. तपासणीला मात्र दर विद्यार्थ्यामागे कोणाचा तरी वेळ खर्ची पडतो. पैसा धड्याच्या विक्रीत असतो आणि श्रम तपासणीत. नंतरच्या काळात ही दोन्ही कामे वेगवेगळ्या माणसांकडे गेली, आणि धडा विकणारा म्हणून एक तिसराच माणूस मध्ये उभा राहिला.

तो अमेरिकेत सर्वांत ठळकपणे दिसतो. पेनसिल्वेनियातल्या कोळसा खाणींत अपघात वारंवार होत. खाणीतल्या मुकादमांना आणि तपासनिसांना परीक्षा देऊन दाखला मिळवणे कायद्याने सक्तीचे झाले, पण दिवसभर खाणीत राबणाऱ्याला शाळेत जाण्याची सोय नव्हती. थॉमस फॉस्टर हे खाण व्यवसायाच्या नियतकालिकाचे संपादक होते आणि वाचकांच्या शंकांना अंकातून उत्तरे देत. त्यातूनच १८९१ मध्ये स्क्रँटन गावी खाणकामाचा पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि त्याची ‘इंटरनॅशनल करस्पॉन्डन्स स्कूल्स’ ही संस्था झाली. काही वर्षांतच तिच्याकडे लाखो नावे नोंदली गेली. ही नावे आणणारे होते गावोगाव, कारखान्यांच्या फाटकांवर फिरणारे विक्रेते. पाठ्यपुस्तक लिहिणारा आणि उत्तरपत्रिका तपासणारा हे संस्थेचे नोकर झाले, आणि विद्यार्थी आणणाऱ्याची किंमत वाढली. अर्ध्यावर अभ्यास सोडणारे पुष्कळ असत. त्यांच्याकडून फी घेतलेली असे आणि त्यांचे पेपर तपासण्याचा खर्च मात्र वाचत असे, त्यामुळे या धंद्यातल्या अनेक संस्थांना गळतीची फारशी चिंता वाटली नाही. खाणीतला मजूर रात्री दिव्याखाली गणित शिकून मुकादम झाला, हे या संस्थेचे मोठेच यश आहे. पण शिकणे अर्धवट राहिले तरी संस्थेचे काही बिघडत नाही, अशी रचनाही याच काळात रूढ झाली, आणि तिचे परिणाम आजही भोगावे लागतात.

त्या रचनेचे टोक अमेरिकेतच १९६०-७० च्या सुमारास पाहायला मिळाले. कनेक्टिकट राज्यातल्या वेस्टपोर्ट येथून ‘फेमस रायटर्स स्कूल’ चालत असे. जाहिरातीत नामवंत लेखकांची छायाचित्रे असत, आणि आपले लेखन हेच लोक वाचणार अशी विद्यार्थ्याची समजूत होई. प्रत्यक्षात ते वाचण्याचे काम पगारी शिक्षकांकडे होते. जेसिका मिटफर्ड यांनी ‘अटलांटिक’ मासिकाच्या जुलै १९७० च्या अंकात हे सगळे उघड केले, आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत संस्थेचे दिवाळे निघाले.

भारतात ही वाट सरकारी विद्यापीठांनी घातली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले होते. इथे पुस्तक लिहिणाऱ्याला लेखनाचे मानधन आणि अभ्यासकेंद्रावर रविवारी तास घेणाऱ्या संमंत्रकाला सत्राचे मानधन, अशी पद्धत. नफ्याचा प्रश्न नव्हता, म्हणून वाट्याचाही नव्हता.

शिक्षकाला विक्रीतला वाटा मिळण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजली ती दक्षिण कोरियात. १९८० मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर बंदी घातली होती. ती २००० मध्ये घटनात्मक न्यायालयाने रद्द ठरवली, आणि त्याच वर्षी सोन जू-उन यांनी ‘मेगास्टडी’ ही ऑनलाइन शिकवणीची कंपनी काढली. शिक्षकाची चित्रित व्याख्याने विद्यार्थी विकत घेत आणि विक्रीतला ठरलेला हिस्सा शिक्षकाला मिळे. इंग्रजी शिकवणारे किम की-हून वर्षाला सुमारे ४० लाख डॉलर मिळवतात, ही बातमी २०१३ मध्ये जगभर पोचली. त्यांच्या हाताखाली तीस माणसे काम करत होती, हेही त्याच बातमीत होते. एवढी मिळकत असलेला शिक्षक स्वतःच एक संस्था चालवत असतो, ही गोष्ट त्या बातमीच्या गाजावाजात मागे पडली.

अमेरिकेत लिंडा वाइनमन आणि ब्रूस हेवन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ‘लिंडा डॉट कॉम’ने २००२ पासून वर्गणी घेऊन व्हिडिओ धडे दाखवायला सुरुवात केली. शिक्षक निवडून घ्यायचे, आपल्या स्टुडिओत धडे चित्रित करायचे आणि त्यांना रॉयल्टी द्यायची, अशी प्रकाशकासारखी पद्धत त्यांनी ठेवली. २०१५ मध्ये लिंक्डइनने ही कंपनी दीड अब्ज डॉलरना घेतली.

निवडीची ही पायरी काढून टाकली ‘युडेमी’ने. कंपनीचे एक संस्थापक एरेन बाली तुर्कस्तानातल्या एका खेड्यात, एकखोली शाळेत शिकलेले. गणिताचे पुढचे शिक्षण त्यांनी बरेचसे इंटरनेटवरून घेतले. ओक्ताय चाग्लार आणि गगन बियानी यांच्यासह त्यांनी २०१० मध्ये अमेरिकेत हे संकेतस्थळ सुरू केले. कोणीही यावे, आपला अभ्यासक्रम चढवावा आणि विकावा, असा त्याचा बेत होता. पदवी विचारली जात नसे. पाहिले जाई ते किमान अर्ध्या तासाचा व्हिडिओ आणि निदान पाच पाठ आहेत का, आवाज स्वच्छ आहे का, चित्र नीट दिसते का, एवढेच. एक बरा माइक, स्क्रीन टिपणारे सॉफ्टवेअर आणि शांत खोली एवढ्या भांडवलावर एक्सेल, प्रोग्रॅमिंग, छायाचित्रण शिकवणारे हजारो लोक या बाजारात उतरले. कोणत्याही संस्थेत नोकरी न मिळालेल्या चांगल्या शिक्षकाला यातून पहिल्यांदाच जगभरचा विद्यार्थी मिळाला, आणि हे श्रेय या कंपनीला दिलेच पाहिजे.

सुरुवातीला विक्रीतले ७० टक्के शिक्षकाला आणि ३० टक्के कंपनीला मिळत. थोड्याच वर्षांत ही सरळ वाटणी गेली आणि विद्यार्थी कोणी आणला यावर वाटा ठरू लागला. शिक्षकाने स्वतःच्या कूपनवर आणलेल्या विद्यार्थ्याचे ९७ टक्के त्याला मिळत. कंपनीच्या संकेतस्थळावर शोधत आलेल्याचे ५० टक्के, आणि कंपनीने पैसे मोजून केलेल्या जाहिरातीतून किंवा मध्यस्थामार्फत आलेल्याचे २५ टक्के. शिकवणे तेच, पाठ तेच. १० डॉलरच्या एका विक्रीवर शिक्षकाच्या हाती कधी ९ डॉलर ७० सेंट, कधी ५ डॉलर, तर कधी अडीच डॉलर पडत. शिवाय विद्यार्थ्याला ३० दिवसांत पैसे परत मागता येत. स्क्रँटनच्या विक्रेत्याचे जे महत्त्व होते, ते आता आकड्यांतच लिहून ठेवले गेले.

१० डॉलरचे उदाहरण सहज घेतलेले नाही. छापील किंमत १९९ डॉलर आणि सवलतीत १० डॉलर, हा या बाजाराचा नेहमीचा भाव झाला होता. सतत चालणाऱ्या सवलतींमुळे छापील किमतीवरचा लोकांचा विश्वास उडाला, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये कंपनीने सर्व किमती २० ते ५० डॉलर यांच्या दरम्यान बांधल्या आणि सवलत निम्म्यापर्यंतच ठेवली. शंभर-दोनशे डॉलरना अभ्यासक्रम विकणाऱ्या शिक्षकांना त्याचा मोठा फटका बसला. त्याच वर्षी मर्यादा पुन्हा वर नेली गेली आणि सवलतींचे दिवस परतले. मालाची किंमत ठरवण्याचा अधिकार आपल्या हातात नाही, हे शिक्षकांना त्या वर्षाने पक्के शिकवले. त्याआधी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, ऑस्ट्रेलियातले संगणक सुरक्षा तज्ज्ञ ट्रॉय हंट यांचा दुसऱ्या कंपनीसाठी केलेला अभ्यासक्रम भलत्याच माणसाने युडेमीवर चढवून विकायला ठेवल्याचे उघड झाले होते. कोणालाही मोकळे असलेले दार चोरालाही मोकळे होते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. त्या वेळी तिच्याकडे सुमारे ६५ हजार शिक्षक आणि १ लाख ८० हजारांहून अधिक अभ्यासक्रम होते. त्याच सुमारास, कंपनीच्या संकेतस्थळावर शोधत आलेल्या विद्यार्थ्याच्या फीमधला शिक्षकाचा वाटा ५० वरून ३७ टक्क्यांवर आला.

दुसरा बदल याहून खोलवर जाणारा आहे. मोठमोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी युडेमीकडे एकत्र वर्गणी भरतात आणि निवडक अभ्यासक्रमांचा साठा त्यांना खुला होतो. यात विक्री अभ्यासक्रमाची होत नाही. वर्गणीतला काही भाग शिक्षकांसाठी बाजूला काढतात आणि कोणाचे पाठ किती मिनिटे पाहिले गेले त्या प्रमाणात तो वाटतात. न्यूयॉर्कच्या ‘स्किलशेअर’नेही मिनिटांवर पैसे देण्याचा मार्ग धरला. यात नेमके वीस मिनिटांत समजावून सांगणाऱ्यापेक्षा तेच दोन तास सांगणाऱ्याचा फायदा होण्याचा धोका उघड आहे. शिकवण्याची गुणवत्ता मोजण्याचे हे माप नव्हे. आणि वाटणीसाठी काढलेला भागही आटत गेला. युडेमीने वर्गणीतला शिक्षकांचा हिस्सा २५ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २०, २०२५ मध्ये साडेसतरा आणि २०२६ मध्ये १५ टक्के करण्याचे जाहीर केले. यावर शिक्षकांची नाराजी स्वाभाविक होती, पण ती तडीस नेण्याइतकी ताकद फार थोड्यांकडे होती, कारण विद्यार्थ्यांचे पत्ते कंपनीजवळ होते.

म्हणूनच अनेक शिक्षक स्वतःची दुकाने थाटण्याकडे वळले. कॅनडातले ‘थिंकिफिक’, अमेरिकेतले ‘टीचेबल’ आणि भारतातले ‘क्लासप्लस’ हे त्यासाठी लागणारी यंत्रणा पुरवतात. शिक्षकाच्या नावाचे संकेतस्थळ किंवा ॲप तयार होते, फी कितीही ठेवता येते, विद्यार्थ्यांची यादी शिक्षकाकडेच राहते. पुण्यात सदाशिव पेठ आणि नवी पेठ परिसरात स्पर्धा परीक्षांचे क्लास चालवणाऱ्यांना हे सोयीचे पडले. यूट्यूबवर चालू घडामोडी आणि अंकगणित फुकट शिकवायचे, पाहणाऱ्यांतून काहींना आपल्या ॲपवर आणायचे आणि तिथे पूर्ण बॅच विकायची, हा रिवाज मराठीतही रूढ झाला आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या मुलाला पुण्यात खोली आणि मेस यांचा खर्च न करता त्याच सरांचा तास ऐकता येतो, ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

मात्र या मार्गात विद्यार्थी आणण्याचे सगळे काम शिक्षकावरच येते. रोजचे फुकट तास, जाहिरात, फीच्या चौकशांना फोनवर उत्तरे, बॅच विकत घेतलेल्यांच्या शंका आणि ॲप चालवण्याचा खर्च हे सगळे त्याला आपल्या फीतूनच भागवावे लागते. ज्याच्याकडे आधीपासून विद्यार्थी आहेत त्याला ते परवडते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला अजून तरी मोठ्या बाजाराच्या अटींवरच उभे राहावे लागते, आणि करार मान्य करण्याआधी त्याने पहिल्यांदा वाचावे ते वाट्याचे आणि तो वाटा बदलण्याच्या अधिकाराचे कलम.