बटण दाबायला कोण?

मुंबईच्या गिरण्यांवर पुष्कळ लिहिले गेले. भोंगा, चाळ, खानावळ, १९८२ चा संप, सगळ्याची नोंद झाली. अंधेरी पूर्वेला मरोळच्या बाजूला १९७३ मध्ये सीप्झ उभे राहिले आणि पुढे बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतची माणसे तिथे संगणकावर पोट भरू लागली. त्यांच्या कामाचा इतिहास मात्र कंपन्यांच्या वार्षिक अहवालांपलीकडे फारसा गेलेला नाही. त्यातले एक काम तर मराठीत धड नावही न मिळता राहिले : एका ठिकाणी बसून दुसरीकडचे सर्व्हर सांभाळणे. मी हे काम बरीच वर्षे केले. कॉलेजात शिकलो नाही. जुनी मॅन्युअल्स वाचून आणि चुका करून शिकलो. त्यामुळे पुढचा मजकूर काही कागदांवरून आणि काही माझ्या वह्यांवरून लिहिला आहे.

सुरुवातीला 'लांबून' हा प्रकारच नव्हता. टाटा बरोज सीप्झमध्ये आली ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. १९८५ मध्ये सिटीकॉर्पने आपली सॉफ्टवेअर कंपनी तिथेच काढली. इथे लिहिलेला प्रोग्रॅम चुंबकीय टेपवर उतरवायचा, टेप कस्टम्समधून पार करायची आणि विमानाने पाठवायची. यंत्र अमेरिकेत असेल आणि त्याला हात लावायचा असेल, तर माणूसच अमेरिकेला जाई. १९८५ मध्येच बंगळुरूला आलेल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने उपग्रहाची जोडणी घेऊन ही अडचण ओलांडायला सुरुवात केली, पण तशी चैन सगळ्यांना परवडणारी नव्हती.

उपनगरातली पहिली महत्त्वाची तार जुळली ती जुहू आणि पवई यांच्यात. जुहूला गुलमोहर रस्त्याच्या भागात 'एनसीएसटी' ही सरकारी संस्था होती. टीआयएफआरमधल्या संगणक केंद्रातून ती १९८५ च्या सुमारास वेगळी झाली. देशातल्या आठ संस्थांना जोडणाऱ्या 'अर्नेट' प्रकल्पात ती होती, पवईची आयआयटीही होती. १९८६-८७ मध्ये या दोघांत साध्या टेलिफोनवरून ईमेल सुरू झाली. अंतर दहा-बारा किलोमीटर. त्या काळी घरी फोन यायला वर्षानुवर्षे थांबावे लागे. इथे यंत्रे एकमेकांना फोन लावत होती! यूयूसीपी नावाच्या त्या पद्धतीत एक यंत्र दुसऱ्याला फायली देई, आणि परवानगी असेल तर काही मोजक्या आज्ञाही पलीकडच्या यंत्रावर चालवून घेई. कंपन्यांनी पुढे जे केले, त्याचे बीज मला इथे दिसते. ईमेलचे कौतुक सगळे करतात, पण पलीकडच्या यंत्राने आपली आज्ञा पाळली, ही गोष्ट मला जास्त मोठी वाटते.

१९९५ साल दोन कारणांनी लक्षात ठेवावे. १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. स्वस्तातल्या खात्यावर चित्रे दिसत नसत, नुसती अक्षरे. आपला संगणक म्हणजे केवळ पडदा आणि कीबोर्ड. खरे काम व्हीएसएनएलच्या युनिक्स यंत्रावर चाले. लोक या खात्याला नावे ठेवत. माझ्यासारख्यांची मात्र ती फुकटची शाळा होती, कारण दुसऱ्याच्या यंत्रात शिरून काम करायची सवय तिथेच लागली.

दुसरी घटना फिनलंडची. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरले. तोवर लांबच्या यंत्रात शिरायला टेलनेट वापरत. त्यात पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जाई, वाटेतल्या कुणीही वाचावा. तातू युलोनेन या संशोधकाने सगळे संभाषण कुलूपबंद करणारा एसएसएच हा प्रोग्रॅम लिहिला आणि त्या उन्हाळ्यात वाटून टाकला. त्याला २२ क्रमांकाचे पोर्ट मिळाले. २१ एफटीपीचे, २३ टेलनेटचे, मधली जागा रिकामी होती. आजही जगभरचे सर्व्हर मुख्यतः याच दाराने सांभाळले जातात. अंधेरीतल्या कंपन्यांत मात्र टेलनेट पुढेही बरीच वर्षे मुक्काम ठोकून होते. चालतेय ना, मग कशाला हात लावा, हे आमच्या धंद्याचे ब्रीद.

आता १९९९ ची एक रात्र. त्या साली सगळे वायटूकेच्या धास्तीत होते आणि सर्व्हरवर रोज काही ना काही बदल चालत. मी बोरिवलीच्या घरातून मॉडेम लावून अंधेरीच्या एका कंपनीच्या सर्व्हरवर काम करत होतो. काम झाले, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू व्हावे म्हणून आज्ञा दिली. 'आर' लिहायचा तिथे बोटाखाली 'एच' आला. 'आर' म्हणजे पुन्हा सुरू हो, 'एच' म्हणजे थांब. यंत्राने आज्ञा निमूट पाळली आणि थांबले. आता जगातला कुठलाही मॉडेम त्याला उठवू शकत नव्हता. पुढच्या बाजूचे बटण दाबायला माणूस हवा होता.

मी गेटवर फोन केला. म्हटले, "मामा, तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत जा. डावीकडून दुसरं मशीन. दिवा हिरवा आहे की पिवळा, तेवढं सांगा."

"साहेब, खोली काचेची आहे खरी, पण चावी तुमच्या लोकांकडेच असते."

पहाटेची लोकल पकडून गेलो, बटण दाबले, चहा प्यायलो. गेटवरच्या वहीत माझी वेळ लिहिली गेली. कामाच्या अहवालात या खेपेचा उल्लेखही नाही. पुढे सीलबंद पाकिटात एक चावी गेटवर ठेवली गेली आणि यंत्रांवर मोठ्या अक्षरांत नंबर चिकटले. त्या कंपनीतली दूरदेखभाल सुधारली ती या पाकिटाने, नव्या सॉफ्टवेअरने नव्हे.

यावर जगभर उपाय शोधले जात होतेच. १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून आयपीएमआय हे मानक जाहीर केले. सर्व्हरच्या पोटात एक छोटा स्वतंत्र संगणक बसवायचा. मुख्य यंत्र झोपले तरी तो जागा, आणि बटण तोच दाबणार. हळूहळू ही सोय आपल्याकडेही पोचली. पण त्यालाही वीज आणि तार लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तेव्हा उपनगरांत दोन्ही गेले. मी त्या रात्री ऑफिसातच अडकलो होतो. यूपीएसची बॅटरी संपायच्या आत सर्व्हर एकेक करून नीट बंद करता आले, ते केवळ घरी जाता आले नाही म्हणून.

त्या सुमारास कामाची दिशाही उलटली होती. अंधेरीत बसून न्यू जर्सीतली यंत्रे सांभाळायची. त्यांची शनिवारची मध्यरात्र म्हणजे आमची रविवारची सकाळ. मोठे बदल तेव्हाच करायचे. माझे कित्येक रविवार त्यात गेले. एखादे यंत्र उठले नाही, तर झोपेतून उठून धावणारा माणूस मात्र आता तिकडचा असे. त्याचा आवाज ऐकला की मला गेटवरचे मामा आठवत.

२०२० च्या मार्चमध्ये घरून काम हा शब्द सर्वतोमुखी झाला. तोवर बाहेरच्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या केंद्रांना त्यासाठी दूरसंचार विभागाच्या अटी पाळाव्या लागत. १३ मार्चला त्या सैल झाल्या, नोव्हेंबरात बऱ्याचशा गेल्या. लोकल बंद पडल्या तरी बँका चालल्या, याचे श्रेय घरून काम करणाऱ्यांना मिळाले आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवसांतही पास दाखवत, दुचाकीवरून सर्व्हरच्या खोलीपर्यंत जाणारी मोजकी माणसे होती. बहुतेक कंत्राटी. १२ ऑक्टोबरला सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा जनरेटरशेजारी कुणीतरी उभे असावेच लागले.

आज चांदिवलीपासून ऐरोली-महापेपर्यंत मोठी डेटा सेंटर आहेत. त्यांच्या दरपत्रकात 'रिमोट हँड्स' नावाची सेवा असते : तुमच्या वतीने केबल बदलणे, बटण दाबणे, दिव्याचा रंग पाहून कळवणे. पैसे बहुधा तासावर. मामांनी हे फुकट केले असते, चावी असती तर.

या माणसांची नावनिशी आणि वेळा फक्त गेटवरच्या वह्यांत असत. गेली काही वर्षे मी त्या शोधतो आहे. अंधेरीतल्या दोन इमारतींत विचारले. कंपन्या हलल्या, वह्या रद्दीत गेल्या, असे उत्तर मिळाले. माझ्याकडे माझ्या सात वह्या आहेत. सीप्झ, मरोळ, घाटकोपर या भागांत रात्रपाळी केलेल्या कुणा वाचकाच्या माळ्यावर अशी एखादी वही, ड्युटीचा तक्ता, निदान जुना पास पडला असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत टाकून देण्याआधी या अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा.