ताहराबादचे महिपतिबोवा : कुलकर्ण्याची लेखणी आणि 40,000 ओव्या

मराठीत विपुल लिहिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. बारामतीच्या मोरोपंतांच्या नावावर 108 रामायणे सांगितली जातात. विसाव्या शतकात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची संख्या हजारावर गेली. अशा लेखकांविषयी आपणांस कौतुक वाटते, तशी मनात थोडी शंकाही असते. एवढे लिहिणाऱ्याने विचार केव्हा केला असेल? आपल्या जिल्ह्यातील महिपतिबोवांसंबंधीही ही शंका अनेकांनी घेतली आहे. तिचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात, राहुरी तालुक्यात, ताहराबाद हे लहानसे गाव आहे. शके 1637, म्हणजे इ. स. 1715 च्या सुमारास तेथील कुलकर्णी दादोपंत यांच्या पोटी महिपतींचा जन्म झाला. घराणे देशस्थ ऋग्वेदी, गोत्र वसिष्ठ, आणि घरात पंढरीची वारी. वडिलांच्या पश्चात कुलकर्णाचे काम ओघानेच त्यांच्याकडे आले. पुढील प्रसंग परंपरेने सांगतात तो असा. महिपती पूजेस बसले असता जहागीरदाराचा शिपाई बोलावणे घेऊन आला. पूजा आटोपून येतो, असे त्यांनी सांगितले. पण शिपाई उद्धटपणे बोलला व त्यांस तसेच उठावे लागले. कचेरीतील काम त्यांनी पुरे केले, आणि घरी येऊन कानावरची लेखणी विठ्ठलाच्या पायांशी ठेवली. यापुढे ही लेखणी सरकारी कागदास लागणार नाही, संतांची चरित्रे मात्र लिहील, अशी शपथ त्यांनी घेतली.

वतन म्हणजे काय, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. 1951 साली कायद्याने कुलकर्णी वतने गेली, तेव्हा कित्येक घरांत सुतक पडल्यासारखे झाले होते. महिपतींनी ते काम आपण होऊन सोडले. परंतु कुलकर्ण्याची सवय सुटली काय? माझ्या मते नाही, आणि त्यांच्या विपुलतेचे इंगित तेथेच आहे.

कुलकर्णी नवे काही निर्माण करीत नाही. गावात जे आहे, जे घडले, ज्याचे जे देणे-घेणे आहे, ते तो वहीत नोंदवितो व एकही खातेदार सुटू देत नाही. महिपतींनी संतांची अशीच नोंद केली. ‘भक्तविजया’च्या आरंभीच त्यांनी आपले आधार सांगून टाकले आहेत : उत्तरेकडील नाभाजी आणि माणदेशचे उद्धवचिद्घन. आपण मनाने काही रचले नाही, अशी ग्वाही ते देतात. त्यांना कल्पनेची वाट पाहावी लागत नव्हती. मिळालेले आख्यान साध्या, घरगुती ओवीत बसवावयाचे, मध्येच शेतातला वा स्वयंपाकघरातला दृष्टांत द्यावयाचा, आणि पुढील संताकडे वळावयाचे.

‘भक्तविजय’ शके 1684, म्हणजे इ. स. 1762 मधला. पानिपतास नुकते कोठे वर्ष उलटले होते. महिपतींचे वय 47 च्या आसपास होते. या ग्रंथाचे अध्याय 57 व ओव्या 9,916. बारा वर्षांनी, शके 1696 मध्ये, ‘भक्तलीलामृत’ झाले. त्याचे अध्याय 51 व ओव्या 10,794. ‘संतलीलामृत’, ‘कथासारामृत’, ‘संतविजय’, शिवाय व्रतकथा, माहात्म्ये, स्तोत्रे व अभंग निराळे. सर्व मिळून ओव्या 40,000 च्या घरात जातात.

आता आक्षेपाकडे वळू. इतिहाससंशोधकांचे म्हणणे असे की, महिपती हे विश्वसनीय साक्षीदार नव्हेत. तुकोबांच्या प्रयाणानंतर सव्वाशे वर्षांनी त्यांनी ‘भक्तलीलामृत’ लिहिले. ज्ञानेश्वर-नामदेवांपासून तर चार शतकांहून अधिक काळ लोटला होता. शके-तिथींची छाननी नाही, चमत्कार मात्र पानोपानी. हा आक्षेप खोटा म्हणता येत नाही, व भक्तिभावाने तो झाकण्यातही अर्थ नाही. ऐकीव गोष्ट आणि घडलेली गोष्ट यांत महिपतींनी भेद केला नाही. पण ऐकीव ते सारे त्यांनी एकत्र केले नसते, तर अठराव्या शतकात महाराष्ट्राचे लोक आपल्या संतांविषयी काय मानीत होते, हे आज कशावरून कळले असते? कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या आख्याने घेतली ती येथूनच. आमच्या आजीस लिहिता येत नव्हते. परंतु चातुर्मासात पोथी ऐकून ऐकून तिला ‘भक्तविजया’तील संतांचा क्रम पाठ झाला होता, आणि वाचणाऱ्याने एखादे पान चुकून उलटले की ती त्याला थांबवी.

ज्ञातीच्या या वार्षिकांत महिपतींस ‘आपले’ म्हणण्याचा प्रघात आहे, व तो मलाही गोड वाटतो. मात्र त्यांची खातेवही उघडून पाहावी. तीत गोरा कुंभार आहे, सावता माळी आहे, चोखामेळा, सेना न्हावी, नरहरी सोनार, रोहिदास चांभार, कान्होपात्रा आणि कबीर आहेत. आपल्याच जिल्ह्यातील श्रीगोंद्याचे शेख महंमदही आहेत. जहागीरदाराच्या शिपायाने अपमान केला म्हणून ज्यांनी लेखणी ठेवली, त्यांनीच ती पुन्हा उचलली तेव्हा शेख महंमदांना संतांच्या पंक्तीत बसविले. आपल्या सभेच्या वह्यांत आजवर केवळ आपल्याच घराण्यांची नोंद झाली आहे. महिपतींनी तशी वही ठेविली असती, तर ती फार थोड्या पानांत आटोपली असती.

महिपतींची योग्यता ओळखणाऱ्यांत एक परकीयही होते. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट यांनी एकनाथ व तुकाराम यांची महिपतिकृत चरित्रे इंग्रजीत आणली. पुढे नरहर गोडबोले यांच्यासह त्यांनी केलेले ‘भक्तविजया’चे भाषांतर 1933–34 मध्ये दोन खंडांत निघाले. त्यापूर्वीच, 1932 मध्ये, अॅबट निवर्तले होते.

महिपतींचे देहावसान शके 1712 मध्ये, म्हणजे इ. स. 1790 साली झाले. ‘संतविजया’चे 26 अध्याय व 4,628 ओव्या लिहून झाल्या होत्या, तो ग्रंथ तेथेच थांबला आहे.