टेकडीखालची गाडी

क्रॉयडनच्या उत्तर टोकाला, अप्पर नॉरवुडच्या चढावर माझी आत्या राहते. तिथून थोडं चाललं की क्रॉयडनची हद्द संपते आणि क्रिस्टल पॅलेस पार्क लागतं. कागदोपत्री ते ब्रॉम्लीचं. पण भुतं कागद बघत नाहीत, त्यामुळे तिथली भुताची गाडी अख्ख्या नॉरवुडची.

तिची गोष्ट मला शेजारच्या आजीबाईंनी कुंपणाशी उभ्या राहून सांगितली. 30 नोव्हेंबर 1936 च्या रात्री बागेतला काचेचा महाल, म्हणजे क्रिस्टल पॅलेस, जळाला, तेव्हा त्या वडिलांच्या खांद्यावर बसून आभाळ लाल झालेलं बघत होत्या. महाल गेला, गाडी मात्र खालीच राहिली, असं त्यांचं म्हणणं. ती जिथून धावे तो बागेखालचा बोगदा कोसळला, मालकांनी गाजावाजा नको म्हणून दोन्ही तोंडं विटांनी बुजवली, आणि आतले उतारू अजून बाकांवर ताठ बसलेत, डोक्यावर उंच काळ्या टोप्या. पुढे कधीतरी एका मुलीचा पाय जमिनीत गेला आणि तिला खाली ते सांगाडे दिसले. दुसऱ्या दिवशी भोक सापडलं नाही, हे ओघानं आलंच.

आत्या राजापूरकडची. मुंजा, हडळ, चकवा, वेताळाची पालखी हे सगळं तिच्या आजीनं अंधाऱ्या पडवीत तिला शिकवलेलं. तिनं गोष्ट शांतपणे ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, "पण त्यांचं राहिलं काय होतं?" कोकणात भूत उगाच होत नाही. मुंज झाली, लग्न राहिलं, तर मुंजा. इथे फिरायला आलेल्या सुखवस्तू माणसांची कसली वासना राहणार?

आम्ही बागेत गेलो. महालाच्या जागी रुंद पायऱ्या आहेत, स्फिंक्स आहेत, आणि तळ्याकाठी 1854 चे सिमेंट-विटांचे डायनोसॉर. त्यातल्या इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग आहे. ते हाड खरं तर अंगठ्याचं, पण तेव्हा कुणाला ठाऊक? त्याच्याच साच्यात बसून 1853 च्या शेवटच्या रात्री विद्वानांनी मेजवानी झोडली होती. असल्या ठिकाणी पुरलेल्या गाडीची कथा उगवली नसती तरच नवल.

आणि गाडी होतीच. थॉमस रॅमेल नावाच्या इंजिनिअरनं 1864 मध्ये या बागेत सुमारे साडेपाचशे मीटरचा विटांचा बोगदा बांधला. गाडीला इंजिन नाही. बाहेर वाफेच्या यंत्रावर फिरणारा, बावीस फूट व्यासाचा पंखा. तो डब्याला मागून फुंकर घालून ढकले, आणि उलटा फिरवला की परत ओढून घेई. हवा निसटू नये म्हणून डब्याभोवती ब्रशासारखे केस लावलेले. पस्तीस माणसं, सहा पेनी भाडं, प्रवास मिनिटभराचाही नाही. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत गाडी सुरळीत चालली, मग हंगाम संपला आणि ती बंद झाली. अपघाताची नोंद कुठेही नाही.

क्रॉयडनकरांना हवेच्या गाडीचं अप्रूप नव्हतं. 1846 मध्ये फॉरेस्ट हिल ते वेस्ट क्रॉयडन अशी एक धावली होतीच. रुळांमध्ये नळी, नळीत दट्ट्या, वरच्या फटीला चामड्याची पट्टी, तिला चरबी. चामडं हवा धरीना. 1847 च्या मेमध्ये कंपनीनं नाद सोडला. रॅमेलनं नळीच एवढी मोठी केली की सगळा डबा आत मावावा.

त्याला बाग नकोच होती. बाग हा नमुना. त्याला हवा होता थेम्सखालचा मार्ग, वॉटर्लू ते व्हाइटहॉल. 1865 मध्ये पार्लमेंटची मंजुरी मिळाली, खोदाई सुरू झाली. 1866 मध्ये लंडनची एक मोठी पेढी बुडाली, पैशाचा झरा आटला, आणि 1868 पर्यंत काम कायमचं मोडीत निघालं.

हे सगळं मी आत्याला परतीच्या चढावर सांगितलं. ती धाप लागून थांबली होती. "मग उतारूंचं काय घेऊन बसलात? भूत व्हायचं तर त्या इंजिनिअरनं व्हावं."

आजीबाईंना हे मुळीच पटलं नाही. एकट्या इंजिनिअरला घेऊन त्या काय करणार? त्यांच्या गाडीत उतारू हवेत, तेही टोप्यांसकट. नातवंडांना त्यांनी तशीच सांगितलीय.