उलांडी, तांडेल आणि भाड्याची नौका



निपाणीहून राधानगरीमार्गे फोंडा घाट उतरणाऱ्या रस्त्याला लोक आजही ‘देवगड–निपाणी रस्ता’ म्हणतात. एका टोकाला तंबाखूची पेठ, दुसऱ्या टोकाला बंदर. बेळगावची वाट आधी रामघाटातून, पुढे आंबोलीवरून वेंगुर्ल्याला जाई. तिथे सतराव्या शतकात डचांची वखार होती. १८१२ मध्ये ते बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले आणि १८१८ नंतर बेळगावच्या छावणीला ते उपयोगी पडले. १८८८ पर्यंत लोंढ्यावरून मुरगावला रेल्वे पोचली आणि घाटातल्या बैलगाड्यांचा जोर ओसरला. आपण समुद्राला पारखे झालो ते तेव्हापासून, असे मला वाटते.

आज घाटमाथ्यावरची मुले नोकरीनिमित्त परदेशी जातात आणि सुट्टीत क्रोएशिया, ग्रीस, सेशेल्स अशा ठिकाणी कॅटॅमरान भाड्याने घेऊन बेटाबेटांतून स्वतःच हिंडण्याचा बेत करतात. त्यांना सांगण्यासारखा इतिहास आपल्याजवळ आहे.

शब्द तमिळ आहे. कट्टु म्हणजे बांधणे, मरम् म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या या ओंडक्यांच्या तराफ्याचे वर्णन विल्यम डँपियरने १६९७ च्या प्रवासग्रंथात केले. दोन बुडांच्या नौकेला ते नाव पुढे इंग्रजीत चिकटले. अमेरिकेत हेरेशॉफने १८७६ मध्ये अशी नौका शर्यतीत उतरवली आणि ती इतकी वेगवान ठरली की तिच्यावर बंदी आली. कोकणातली तिची नातलग म्हणजे उलांडी. होडीच्या एका बाजूला आडव्या वाशांनी जोडलेला, पाण्यावर टेकणारा ओंडका. तत्त्व तेच : रुंदीमुळे स्थैर्य.

पण ही रुंदी नवख्याला फसवते. एका बुडाची नौका वारा वाढला की कलते, म्हणजे सांगून ठेवते. कॅटॅमरान फारशी कलत नाही. शीड कधी कमी करायचे ते वाऱ्याचा वेग मोजूनच ठरवावे लागते. आणि एकदा उलटली की ती आपणहून सरळ होत नाही.

आपल्याकडे व्यापारी पडाव भाड्याने घेई तेव्हा सोबत तांडेल येई. खरे मोल त्याचेच. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बंदर सोडायचे, दुपारी खारा वारा सुटला की त्याचा फायदा घ्यायचा, पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायचे, हे ठरवणारा तो. १७ जुलै १९४७ रोजी भर पावसाळ्यात रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा या जुन्या शिस्तीची किंमत साऱ्या किनाऱ्याला कळली.

आजच्या भाडेकरारात तांडेल नसतो. त्याची जागा भाडेकरूनेच घ्यायची असते. म्हणून क्रोएशियात नौका हाती देण्याआधी नौकाचालनाचा आणि रेडिओ वापरण्याचा दाखला मागतात. ही अडवणूक आहे असे मला वाटत नाही. दाखला नसेल तर पैसे देऊन कप्तान सोबत घेता येतो. त्यात कमीपणा कसला? आपल्या व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच केले.

स्वतः तांडेल होण्याची वाट लांबची असते. खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या म्हादईचे नाव दिलेली शिडाची नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. ती कमांडर दिलीप दोंदे यांच्यासाठी. नौदलात कित्येक वर्षे काढलेला हा अधिकारी आधी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन शिकला, मग सोबत्यांसह मॉरिशसला गेला, तिथून एकट्याने गोव्याला परतला, आणि त्यानंतर १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला.